हनवटीवरचे तीन ठिपके

मी जर्मनीला निघाले तेव्हा वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माय पदर तोंडाला लावून उभी होती. माझा भाऊ संतोष सगळ्यांचे फोटो काढत होता. त्याने मोबाइल वळवला की माय पाठ फिरवायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिचं पक्कं मत होतं आणि मी, दोन डिग्र्यांची शहाणी, तिला हसले. "हसू नको," ती म्हणाली. "पोचली की फोन कर." तिसऱ्या वर्षी ती गेली. मला तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घर सोडून गेलेल्या पुष्कळांच्या वाट्याला हे येतं, पण म्हणून ते सोसवतं असं नाही.

मागच्या हिवाळ्यात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. घरी आल्यावर दादांनी एकच मागणं केलं: मायचं तोंड टीव्हीवर मोठं करून दाखवा, दिसतंय तोवर.

मायचा धड असा फोटो एकच. लग्नानंतर मामांनी बळेच काढायला लावलेला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि वर्षानुवर्षं फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला. संतोषने जालन्यात मस्तगडच्या एका स्टुडिओत तो काचेसकट स्कॅन करून घेतला. नंतर घरी तो काचेवरून सोडवायला गेला, तर मायचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. आता जे काही होतं ते त्या स्कॅनमध्ये. त्याने ती फाइल मला पाठवली, कारण घरात कॉम्प्युटरवाली मी.

रविवारी सकाळी हॅम्बुर्गच्या माझ्या खोलीत मी कामाला बसले. स्कॅन भलामोठा होता, तो टीव्हीच्या मापाला आणला. फोटो असा लहान केला की मऊ पडतो, कडा हरवतात, म्हणून मग शार्पन करावा लागतो. मी केला. लुगड्याचे काठ उठून आले, डोळे जिवंत झाले, पण त्याबरोबर काचेवरची धूळ, बुरशी, ओरखडे सगळंच उठलं. मला अशी घाण बघवत नाही. चौपट मोठं करून एकेक ठिपका पुसत गेले. चौपट केल्यावर चेहरा दिसतच नाही, नुसती करडी कातडी दिसते. मग त्याच नावाने, जुन्या फाइलवरच सेव्ह केलं आणि पाठवून दिलं. वर स्वतःवर खूशही होते.

तासाभराने व्हिडिओ कॉल आला. दादा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले होते. ते आणखी पुढे सरकले. मग विचारलं, "ही कोन हाय?"

मला वाटलं, नजर गेली. संतोष म्हणाला, "दादा, माय हाय."

"न्हाई. हनवटीवरलं गोंदण कुठंय?"

तीन ठिपके होते. तिच्या आजोळी, लहानपणीच गोंदवलेले. म्हातारपणी ते सुरकुत्यांत फिकट झाले होते, पण होते. तिच्या मांडीवर पडून मी ते बोटाने मोजलेले आहेत. आणि मीच ते धूळ समजून पुसले.

जुनी फाइल कुठेच मिळेना; संतोषने ती ज्या लिंकवरून पाठवली होती तिचीही मुदत संपली होती. संतोषने स्टुडिओवाल्या शेठना फोन लावला, तर ते म्हणाले, काम दिलं की आम्ही काही ठेवत नाही. स्टुडिओतून स्कॅन आणलेला पेनड्राइव्ह पुसून संतोषने त्यात ट्रॅक्टरवर ऐकायची गाणी भरली होती. मी त्याच्यावर ओरडले, जणू चूक त्याचीच. बिचारा ऐकून घेत राहिला.

शेवटी दादाच म्हणाले, "बाई, गोंदण तू परत काढ. मी सांगतो."

माझी स्क्रीन तिकडे टीव्हीवर दिसेल अशी जोडणी आम्ही केली. मी पहिला ठिपका ठेवला. दादांनी डोळे मिटले, स्वतःच्या हनवटीवर बोट टेकवलं, मग डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. थोडं खाली घे म्हणाले. जरा डावीकडं. लई झालं, मागं आण. तिसरा ठिपका बाकी दोन्हींपेक्षा बारीक हवा होता. हे मला कधी माहीतच नव्हतं, मी नुसते मोजले होते. पाऊण तास गेला. मग दादा म्हणाले, "बराबर. हीच."

संतोष डोळे पुसत होता. मी सुटले असं मला वाटलं. तेवढ्यात दादांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्याशी नेला, पुन्हा लांब धरला.

"मायचं झालं," ते म्हणाले. "आता तू ये. फोनात तुझं तोंड दिसून न्हाई राह्यलं."

किती महिने झाले असतील कोण जाणे. दर रविवारी मी केस नीट करून, हसून त्यांच्यासमोर बसायचे आणि ते नुसत्या आवाजाशी बोलत होते. एका शब्दाने कधी म्हणाले नाहीत.

सोमवारी मी रजेचा अर्ज टाकला. घर म्हणजे काय असं इथे कोणी विचारलं, तर पूर्वी मी गाव, शेत, गोदावरी असं बरंच सांगायचे. आता एवढंच सांगता येतं: तिथे दादा आहेत, त्यांच्या डोळ्यांत अजून थोडा उजेड आहे आणि तो असेपर्यंत मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचंय.