लाल ठिपक्याची ताटं

"ताट उलटं करून बघ आधी."

वैशाली मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझ्या ताटात मसालेभात वाढून झालेला. वर जिलेबी पण. सोसायटीच्या हॉलमध्ये मी रांगेत उभी होती, सगळ्यांसारखी. म्हटलं, भरलेलं ताट उलटं कसं करू? तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, उंच धरलं आणि मान वाकडी करून खालून बघितलं.

"बघ, ठिपका नाहीये. हे तुझं नाही. तुमची तिकडे बेसिनखाली ठेवलीत."

मग बेसिनखालून एक ताट आणलं. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. माझा भात चमच्यानं खरवडून त्यात टाकला. जिलेबीचे तुकडे झाले. पहिलं ताट धुवायला टाकलं. धुणार कोण? मीच.

लोक बघत होते. एका बाईनं तर मला वाट करून दिली, लांबून.

ही डोंबिवलीतली सोसायटी, मानपाडा रोडच्या आत. गेटवर मोठा बोर्ड आहे, "शून्य कचरा सोसायटी". वैशाली मॅडम कमिटीच्या सेक्रेटरी. मी आणि सुमनमावशी इथे घरोघरचा कचरा गोळा करतो, वेगळा करतो, मागच्या खड्ड्यात खत करतो. मावशी माझ्या आईच्या वयाची आहे.

ताटांची कल्पना मॅडमचीच. बारसं असो, मुंज असो, आधी कागदी प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास पोती भरभरून निघायचे. मग वर्गणी काढली, स्टीलची ताटं घेतली, प्रत्येकावर सोसायटीचं नाव कोरून घेतलं. ज्याच्या घरी कार्यक्रम, त्यानं न्यावी, वापरावी, परत करावी. ताट बँक. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. माझंच ओझं कमी झालं.

पण ताटं सोसायटीत आली आणि मॅडमनी पहिलं काम काय केलं? नेलपॉलिशची बाटली काढली. आमच्यापुरती ताटं बाजूला केली आणि खाली ठिपके लावले.

मी विचारलं. "मॅडम, ठिपका कशाला?"

"अगं, हायजीनचा प्रश्न आहे. तुम्ही दिवसभर कचऱ्यात हात घालता. पर्सनली घेऊ नकोस."

"मग मी धुतलेली बाकीची ताटं कशी चालतात?"

"धुताना साबण असतो ना!"

"जेवायच्या आधी मी पण साबणानंच हात धुते, मॅडम."

"वाद घालू नकोस."

शिकलेली बाई हो! दोन-दोन डिग्र्या. साबण ताटाला लागला की ताट शुद्ध, माझ्या हाताला लागला की वाया.

आणि हायजीन म्हणे. त्याच मसालेभाताच्या दिवशी गटार तुंबलेलं. प्लंबर कोपरापर्यंत हात घालून ते मोकळं करून आला आणि बिनठिपक्याच्या ताटात जेवला. त्याला कोणी ताट उलटं करायला लावलं नाही. त्याचं आडनाव चालणारं होतं. आमची आडनावं मॅडमनी कामाच्या पहिल्याच दिवशी काढून घेतलेली. मी नुसतं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "पूर्ण सांग." पूर्ण सांगितलं. तेव्हा गोड हसल्या होत्या. तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला.

त्या दिवशी मी जेवली. भूक लागलेली. सुमनमावशी म्हणाली, "खा गं गपचूप. भाताकडे बघ, ताटाकडे कशाला बघतेस?" मावशीचा जन्म असाच गेला. ठाण्याला कोपरीत कामाला होती तेव्हा तिला ताट पण मिळायचं नाही, जिन्याखाली वर्तमानपत्राच्या कागदावर वाढायचे. तिला हे ठिपक्याचं ताट म्हणजे प्रमोशन वाटलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेलेली आणि मी जिलेबीचे तुकडे गोळा करून खात होती. स्वतःचाच राग आला.

मग प्रत्येक कार्यक्रमाला तेच. ताट घ्यायचं, उलटं करायचं, ठिपका बघायचा, मग वाढून घ्यायचं. गणपतीला तेच, हळदीकुंकवाला तेच. मावशीला सवय झाली. मला होत नव्हती.

वर मॅडमची भाषणं. सेग्रिगेशन, सेग्रिगेशन! हिरव्या डब्यात ओला, निळ्या डब्यात सुका, लाल डब्यात घातक. घातक म्हणजे जुने सेल, संपलेली औषधं, नेलपॉलिशच्या बाटल्या. "एकात एक मिसळलं की सगळ्याची वाट लागते," असं प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवून घरी जातात आणि बाळाचे डायपर ओल्यात टाकतात. निर्माल्य मात्र वेगळं, भक्तिभावानं, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. ती गाठ सोडायची कोणी? आम्ही. यांच्या घरातलं काय काय आम्हाला माहीत आहे, बोलली तर पळता भुई थोडी होईल. पण आम्ही यांच्या ताटात जेवलो तर यांना ओकारी येते.

मागच्या महिन्यात ठाण्याच्या दोन-तीन सोसायट्यांमधून पाहुणे यायचे होते, ताट बँक बघायला. त्यांनाही तसंच करायचं होतं. मॅडमच्या अंगात वारं शिरलेलं. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "सगळी ताटं घासून लख्ख कर. उद्या आपली इज्जत आहे."

आपली! माझी कुठली आली त्यात?

दुपारी सोसायटी झोपते. मी ताटं घासली, पुसली, हॉलमध्ये सतरंजीवर पालथी मांडली. मग लाल डबा रिकामा करायला घेतला. त्यात सेल, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, आणि एक नेलपॉलिशची बाटली. लाल. तीच. मॅडमना रंगाचा कंटाळा आला असणार, निम्मी भरलेली टाकलेली.

मी झाकण उघडून बघितलं. ब्रश ओला होता.

खोटं कशाला सांगू, झाकण परत लावायला गेली. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हापासून घर माझ्या पगारावर आहे. हे काम गेलं तर आसपासच्या कुठल्याच सोसायटीत मला गेटच्या आत घेणार नाहीत, एवढं कळत होतं. मावशी म्हणाली, "अगं ए, डोकं फिरलंय का तुझं?" म्हटलं, "हो, फिरलंय. तू घरी जा, तुझ्यावर यायला नको." ती गेली नाही. दारात बसून राहिली.

मी पहिल्या ताटाला ठिपका लावला. मग दुसऱ्याला. मग सतरंजीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही ताट सोडलं नाही. ठिपके वाळू दिले. मग आमची बेसिनखालची ताटं काढली आणि त्यातच मिसळून टाकली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. सगळे कौतुक करत जेवत होते. मॅडम पैठणी नेसून माईकवर. ठाण्याची एक बाई हात धुवायला निघाली, ताट ठेवताना तिला खालचा ठिपका दिसला. तिनं साधेपणानं विचारलं, "हा ठिपका कसला हो? बँकेची खूण का?"

मॅडमनी ताट बघितलं. शेजारच्याचं बघितलं. आणखी एकाचं बघितलं. तोंडचं पाणी पळालं.

"हो... खूणच आहे," म्हणाल्या.

मी पाणी वाढत होती. जग खाली ठेवला.

"खूणच आहे, ताई. ज्या ताटात आम्ही कचरेवाल्या जेवतो, त्याला मॅडम ठिपका लावतात. विचारा त्यांना."

कोणीतरी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ही काहीही बोलतेय." पण आमच्या सोसायटीतल्या एकानंही "काहीही" म्हटलं नाही. ते काय करत होते माहितीये? हातातली ताटं उचलून खाली बघत होते. श्रीखंड ओघळत होतं, तरी बघत होते. आणि ठिपका दिसला की ताट टेबलावर ठेवत होते. एकेक करून. पुरीसकट, भाजीसकट. शून्य कचरा सोसायटीत एवढं अन्न वाया गेलेलं मी कधी बघितलं नाही. मला हसू आलं. मी हसली. मोठ्यानं.

मग मी एक ताट घेतलं, उलटं न करता. वाढून घेतलं आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर बसून जेवली. मावशी दारात उभी होती. आली नाही. पण या वेळी मला गपचूप खा म्हणाली नाही.

मॅडमचा निरोप आलाय. ठिपके खरवडून काढ, माफी माग, मग कामाचं बघू. मी कळवलं, पहिला ठिपका ज्यांनी लावला त्यांनी काढायला बसावं, रिमूव्हर त्यांच्याच घरात आहे. माफी तर मरेपर्यंत मिळणार नाही.

उद्या कमिटीनं बोलावलंय. काम काढून घेतील. घेऊ देत, मी जाणार आहे. जाऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसणार आहे. चहा देतील की नाही माहीत नाही. दिलाच, तर मॅडमनी शिकवलंय तसं आधी उलटा करून बघीन. भरलेला कप, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या समोर.