पस्तीस की पंचाऐंशी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंदगडला, घरी, काजूगर निवडत बसले होते. फोन होता राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओशेजारच्या शिंपीकाकांचा. "सुमे, दहा वाजून गेलं तरी शटर अर्धंच वर हाय म्हणून वाकून बघितलं... तू ये. घाई करू नगंस, पण ये." घाई करू नको म्हटल्यावर काय ते कळलं. एसटीनं कोल्हापूर गाठेपर्यंत दुपार झाली. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. गेला दीड महिना भेटायला येणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो आणि मला त्याचा राग येतो. त्रास काय शेवटच्या पाच मिनिटांतच होतो?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंत. आई-वडील लवकर गेले आणि आम्ही दोघांनी मिळून तो स्टुडिओ काढला. नव्वद सालानंतरचे ते दिवस. मांडवातले फोटो दादानं काढायचे आणि नवरीच्या खोलीतले मी, अशी आमची वाटणी होती. बाई फोटो काढते म्हटल्यावर घरच्या बायका खूश असत, चुडा भरताना, केस विंचरताना बिनधास्त बसत. कॅमेरा एकच होता. दादा तो खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणून द्यायचा, आणि माझं झालं की मी मांडवात नेऊन द्यायची. एका पावसाळ्यात कॅमेऱ्यासोबतच्या लेन्सला आतून बुरशी लागली आणि नवी घेणं भाग पडलं. ऐपत एकाच लेन्सची होती. दुकानदार ओळखीचा, दिलदार माणूस. त्यानं दोन लेन्स पुढ्यात ठेवल्या, एक पस्तीस मिलिमीटरची आणि एक पंचाऐंशीची. "आठ दिस दोन्ही घिऊन जावा की. वापरा, आन् मग सांगा कुठली ठेवायची ती."

त्या आठवड्यात पेठ वडगावला एक लग्न होतं. तिथं आम्ही दोन्ही लेन्स वापरल्या आणि धुऊन आलेले फोटो स्टुडिओतल्या टेबलावर पसरून भांडायला बसलो. पस्तीसच्या लेन्सनं लहानशी खोलीसुद्धा सगळी मावते, पण माणूस मोठा दिसायला हवा तर चार-पाच फुटांवर जावं लागतं. पंचाऐंशीनं तोच माणूस दहा-बारा फुटांवरून टिपता येतो. दादाला पंचाऐंशी हवी होती.

"पस्तीसनं नाकं मोठी येत्यात बघ," तो म्हणाला. "ह्या दुसरीनं मागचा मांडव इरघळून जातोय आन् माणूस तेवढा उठून दिसतोय."

"आन् मी नवरीच्या खोलीत काय करू? भित फोडून मागं सरकू?"

"मांडवातलं काम जास्त असतंय की गं."

"मग मांडवात चार पावलं म्होरं जा. पाय हायत न्हवं तुला?"

तो हातातला फोटो उगीच उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "व्हय. पाय हायत की." दुसऱ्या दिवशी तो पंचाऐंशीची लेन्स दुकानात परत देऊन आला. मी जिंकले होते, आणि जिंकल्याच्या आनंदात त्या दिवशी मी भडंग करून त्याला खायला घातलं.

इथं एक गोष्ट सांगायची राहून गेली. दादाला कोड होतं. ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग होते, विशीत आलेले. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पण आत्ता लिहिताना मला ते आठवलं नाही, आणि तेव्हा त्या टेबलाशी भांडतानाही आठवलं नव्हतं. मी त्याच्या ताटातलं उचलून खाणारी बहीण. कुणाच्या भावाला मिशा असतात, कुणाला टक्कल असतं, तसं माझ्या भावाला ते होतं, एवढंच. लग्नघरातल्या लोकांना मात्र ते एवढंच नव्हतं. पंचाऐंशीची लेन्स म्हणजे दादाच्या आणि त्या लोकांच्या मधलं दहा-बारा फुटांचं अंतर होतं. हे त्यानं मला सांगितलं नाही. तो नाकाबद्दल बोलला, मांडवाबद्दल बोलला, आणि मी शहाणीसारखी त्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं. त्यानं एक शब्द बोलायला हवा होता, असं मी आता रोज म्हणते. पण का बोलायला हवा होता? मला डोळे नव्हते?

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी चंदगडला आले. ज्या नवरीच्या खोलीसाठी मी भांडले ती सुटली आणि ती लेन्स दादाच्या गळ्यात राहिली. निघताना मी म्हणाले होते, "आता घे की बदलून." तर म्हणाला, "असू दे. सवय झालीया." पुढं तीन-चार हंगाम त्यानं एकट्यानं लग्नांची कामं केली, मग हळूहळू बंद केली. विचारलं की सांगायचा, सगळ्यांना आता व्हिडिओच पायजे, फोटोवाल्याला कोण इचारतंय. मला ते पटलं. शेवटची सात-आठ वर्षं तो फक्त पासपोर्टचे फोटो काढायचा. गिऱ्हाईक उजेडात, तोंडावर दिवे, आणि दादा दिव्यांच्या मागं अंधारात. त्याच्या स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की हसून उडवून लावायचा. आणि मी सासरी सांगायची, आमचा दादा एकटा असला तरी सुखात आहे!

दिवसकार्य झाल्यावर स्टुडिओ रिकामा करायला घेतला. कपाटात जुन्या लग्नांच्या जादा प्रिंट्सचे खोके निघाले. मी जमिनीवर बसून ते बघत राहिले. मी काढलेल्या फोटोंत बायका सरळ लेन्समध्ये बघून हसतायत. मग मी गेल्यानंतरचे, दादानं एकट्यानं काढलेले फोटो आले. त्याच लेन्सनं, तितक्याच जवळून काढलेले. त्यांत एकही माणूस लेन्समध्ये बघत नाही. बहुतेकांची नजर थोडी खाली आहे, लेन्स धरलेल्या हातावर. एका बाईनं शेजारच्या मुलीला दंडाला धरून मागं ओढलंय. अक्षता घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मान फिरवलीय. खोक्यामागून खोका तेच... आणि हे फोटो मी पहिल्यांदा बघत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हा दादानं यांतल्याच फोटोंचा एक अल्बम माझ्यासमोर ठेवला होता आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला होता. मी भराभर पानं उलटली आणि म्हणाले, "दादा, किती सहज आलेत रं सगळे! पोज म्हणून कुणी दिलेली न्हाय." त्यानं अल्बम मिटला आणि तो चहा ठेवायला उठला. पुढच्या दिवाळीला त्यानं अल्बम काढला नाही, आणि मीही मागितला नाही.