तीनशे बारा जणांची एक हरकत

पालिकेच्या मुख्य दारासमोरचा रस्ता ओलांडला की झेरॉक्सचं दुकान लागतं. त्या दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि अर्जबाई. अर्जबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण एकोणचाळीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केल्यावर खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं, आणि तेही चुकीचं छापलेलं. ते दुरुस्त करून मिळावं म्हणून त्यांनी अर्ज मात्र केला नव्हता. स्वतःसाठी अर्ज करायची त्यांना सवय नव्हती.

शहराबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि न विचारताही मिळत. त्यांच्या मते शहर पालिका चालवत नाही, नगरसेवक तर मुळीच चालवत नाही. शहर अर्जावर चालतं. कोपऱ्यावरच्या बसथांब्याला छप्पर मिळालं ते अर्जामुळे, आणि ते थांब्यापासून आठ पावलं लांब उभं राहिलं ते अर्जात नेमकी जागा न लिहिल्यामुळे. तो अर्ज अर्थातच दुसऱ्या कुणीतरी टाइप केलेला होता. एकच रस्ता वर्षातून तीनदा का खणतात, याचाही खुलासा त्यांच्याकडे तयार असे. पहिल्यांदा पाण्याचा पाइप टाकायला, दुसऱ्यांदा केबल टाकायला, आणि तिसऱ्यांदा आधीचे दोघे आत काय विसरले ते बघायला. हे सांगताना त्या हसत नसत. ऐकणाराही मग हसायचं की नाही या विचारात पडे.

सरकारी माणसाला साधी भाषा ऐकू येत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. कुणी टेबलासमोर येऊन तावातावाने बोलायचा, "गटार तुंबलंय, घरात बसवत नाही इतका वास, कुणी फिरकत नाही, सगळे चोर आहेत!" अर्जबाई मान डोलवायच्या आणि टाइप करायच्या: 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, सदर परिसरातील सांडपाण्याचा निचरा समाधानकारकरीत्या होत नाही.' तो माणूस कागद दोनदा वाचायचा. आपल्या दारातलं गटार इतकं सभ्य आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत असे. तरीही तो सही करायचा, कारण कागद वजनदार दिसायचा.

अर्जबाईंची खोली दुकानामागच्याच गल्लीत होती. त्यांची थोरली बहीण, ताई, कालव्याच्या पलीकडे राहायची. मध्ये लोखंडी पादचारी पूल. एकसष्ट पायऱ्या वर, साठ खाली. एक पायरी कुठे गेली याचं उत्तर पालिकेकडे नव्हतं. ताईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती घरातल्या घरात काठीच्या आधाराने फिरायची. अर्जबाई रोज सकाळी डबा घेऊन पूल ओलांडायच्या, ताईची वेणी घालायच्या आणि कामावर परत यायच्या. संध्याकाळी पाचला पुन्हा जायच्या आणि सातला उठून म्हणायच्या, "चलते गं." अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. ताई आपलं घर सोडायची नाही आणि अर्जबाई आपली खोली. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे नकारही आला नव्हता.

अशात पालिकेने विकास काढला. कालव्याकाठचा रस्ता सहापदरी होणार, पादचारी पूल पाडणार आणि पलीकडे जायला गाड्यांचा नवा पूल दोन किलोमीटर पुढे बांधणार. नोटीस पुलाच्याच खांबाला चिकटवली होती. तीस दिवसांत लेखी हरकती मागवल्या होत्या. नगरसेवकांनी त्याच खांबाला स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला. खाली लिहिलं होतं, 'वचनपूर्ती.' हे वचन त्यांनी कुणाला दिलं होतं ते कुणालाच आठवेना.

अर्जबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि मनात हिशोब मांडला. दोन किलोमीटर जायचं आणि तितकंच उलट यायचं, दिवसातून दोनदा, गुडघे असे. बसने जायचं तर दोन बस, आणि दुसरी बस चालू आहे की बंद झाली हे चालकालाही नक्की माहीत नसतं. एक वेळचं जाणं फार तर जमेल, दोन वेळचं नाही. म्हणजे ताईच्या दिवसातला अर्धा भाग गेला. पण घाबरून बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी त्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि आयुष्यातला सर्वांत उत्तम मजकूर लिहिला. त्यात 'लोकहितास बाधा' होती, 'अपरिमित गैरसोय' होती, 'फेरविचार व्हावा ही नम्र विनंती' होती. कलमांचे हवाले होते. एक वाक्य तर सात ओळींचं होतं आणि शेवटपर्यंत कुठेही तोल जात नव्हता.

मग फक्त नाव आणि पत्ता बदलायचा आणि प्रिंट काढायची. वस्तीत बातमी पसरली तशी रांग लागली. न्हावी आला, शिंपी आला, निवृत्त बसचालक आला. सत्तावीस दिवसांत तीनशे बारा जणांनी सह्या केल्या. वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. "बाईंनी लिहिलंय ना, मग झालं," असं म्हणून लोक सही कुठे करायची तेवढं विचारायचे. अर्जबाईंना या वाक्याने फार बरं वाटायचं.

गठ्ठा दोन पिशव्यांत भरून त्या आवक विभागात गेल्या. खिडकीमागचा कारकून त्यांचा वीस वर्षांचा ओळखीचा. त्याने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मधूनच एक ओढून वाचला. मग खुर्चीवरून उठून आत गेला, नियमाचं पुस्तक घेऊन आला आणि चष्मा लावून म्हणाला, "बाई, तुमची एक हरकत आलीय."

"तीनशे बारा आहेत, भाऊसाहेब. मोजून घ्या."

"मोजून काय करू? समान मजकुराच्या सर्व हरकती एकच समजाव्यात, असा नियम आहे. नावं तीनशे बारा, पण हरकत एकच. तीही," इथे त्याने आवाज खाली आणला, "तुमची."

अर्जबाईंनी ते कलम स्वतः वाचलं. मसुदा चांगला होता. पळवाट कुठेच नव्हती.

त्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या आणि एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना लाज वाटली. लोक आपापलं म्हणणं घेऊन आले होते आणि आपण सगळ्यांच्या तोंडी आपलंच वाक्य घातलं. बरं, तेही आपलं नव्हतंच. सात ओळींच्या त्या वाक्यात ताई कुठेही नव्हती.

मुदतीला तीन दिवस उरले होते. अर्जबाईंनी दुकानाबाहेर पाटी लावली: 'पुलाची हरकत पुन्हा द्यावी लागेल. चूक माझी आहे. जे बोलाल तेच लिहीन.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना दात काढून घेतल्यासारखं झालं.

लोक परत आले, थोडे वैतागत आले. पण स्वतःचं म्हणणं सांगायचंय म्हटल्यावर वैताग गेला. न्हावी म्हणाला, "लिहा. माझी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडची. पूल गेला तर ती दाढी वाढवतील, आणि त्यांना ती शोभणार नाही." अर्जबाईंचा हात 'व्यवसायावर विपरीत परिणाम' या शब्दांकडे वळला होता, तो त्यांनी मागे घेतला. शिंपी म्हणाला, की पलीकडच्या मुख्याध्यापकांचा कोट चार महिन्यांपासून माझ्याकडे आहे. पूल आहे म्हणून ते रोज येऊन ओरडतात, नसला तर माझ्याकडून तो कधीच होणार नाही. एका सुनेने लिहून घेतलं, की सासूबाईंना लेकीकडे जायला हा पूल लागतो, तो जातानाचा तरी ठेवावा. निवृत्त बसचालक म्हणाला, "मी रोज संध्याकाळी पुलाच्या मधोमध उभा राहतो आणि काही करत नाही. काही न करायला मला दुसरी जागा नाही. एवढंच."

एवढंच टाइप झालं. कागदावर दीड ओळ. अर्जबाईंनी ती पुन्हा वाचली आणि तिच्यात काय दुरुस्त करायचं ते त्यांना सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुद्द नगरसेवक आले. इकडेतिकडे बघून खुर्चीत टेकले. "आईला रोज सकाळी पलीकडच्या मैत्रिणीकडे जायचं असतं," ते म्हणाले. "तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीये. तेवढी माझी एक हरकत घ्या. फक्त नाव टाकू नका."

"बिननावी हरकत धरत नाहीत."

नगरसेवकांनी खांबावरच्या स्वतःच्या फोटोच्या दिशेने बघितलं. "मग राहू द्या," ते म्हणाले आणि उठले.

"आईंना पाठवा," अर्जबाई म्हणाल्या. आई तासाभरात आल्या. त्यांची हरकत अडीच पानी झाली आणि त्यातली दोन पानं मुलाबद्दल होती.

त्या संध्याकाळी अर्जबाई कोरे कागद घेऊन ताईकडे गेल्या. ताईने हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, मध्ये स्वतःचा शब्द घातला नाही. "तुझीही हरकत लागेल," अर्जबाई म्हणाल्या. "सांग, मी लिहिते. तू म्हणशील तेच."

"तेच?"

"काना-मात्रा न बदलता."

ताईने पदर सारखा केला आणि नंबर सांगावा तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायला सुरुवात केली. "मी कालव्याच्या पलीकडे राहते. पूल पाडण्याला माझी हरकत नाही. उलट लवकर पाडावा."

अर्जबाईंचं पेन थांबलं. "अगं, काय बोलतेस?"

"लिही. तेच लिहिणार होतीस ना?" ताई खिडकीकडे बघत होती. "माझी बहीण रोज सात वाजता उठून जाते. अकरा वर्षं मी तिला थांब म्हटलेलं नाही. पूल नसला तर तिला एकदा आल्यावर परत जाता येणार नाही. खाली नाव, पत्ता. झालं."

अर्जबाईंना रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. "तोंडाने सांगायला काय झालं होतं गं तुला?" त्या म्हणाल्या.

"तू विचारलंस का कधी?" ताई म्हणाली. "दे इकडे, सही करते."

सात वाजले होते. अर्जबाई उठल्या. दुसरं काय करायचं हे न सुचल्यामुळेच उठल्या, आणि पुलाच्या पायऱ्यांवर तीनदा थांबल्या.

शेवटच्या दिवशी आवक कारकुनाने दोनशे सात हरकती मोजल्या. सगळ्या वेगळ्या. ताईचा कागद वाचून त्याने मान वर केली. "बाई, ही पूल पाडा म्हणते. ही दिलीत तर तुमचंच नुकसान. बाजूला ठेवू का? कुणाला कळणार नाही."

अर्जबाईंनी क्षणभर तो कागद बघितला. बाजूला ठेवणं अगदी सोपं होतं. "तिचं म्हणणं आहे," त्या म्हणाल्या. "शिक्का मारा."

सुनावणी पंधरवड्याने झाली. पालिकेच्या सभागृहातल्या निम्म्या खुर्च्यांना पाठ नव्हती, त्यामुळे लोक पुढे झुकून बसले होते आणि फार उत्सुक दिसत होते. शहर अभियंता एकेक हरकत वाचत होते. बसचालकाची दीड ओळ वाचून ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि शेरा न मारता बाजूला ठेवली. ताईचा कागद आला तेव्हा सभागृहात खसखस पिकली. तो पूर्ण वाचून होईपर्यंत हसू थांबलं होतं.

"या बाई हजर आहेत का?"

"तिला चालवत नाही. मी तिची बहीण," अर्जबाई उठून म्हणाल्या.

अभियंत्यांनी यादी चाळली. "तुमची स्वतःची हरकत दिसत नाही."

"राहून गेली."

"मग तोंडी सांगा. नोंद घेतो."

अर्जबाईंनी तोंड उघडलं. 'उपरोक्त' आलं नाही, 'सविनय' आलं नाही. एकोणचाळीस वर्षांचा साठा होता आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. "पूल राहू द्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी आता परत जाणार नाहीये."

अभियंता गोंधळले. "परत जाणार नसाल तर तुम्हाला पूल कशाला हवाय?"

"सकाळी कामावर यायला."

कारकुनाने नोंद घेतली. निकाल महिन्याभराने कळवू असं सांगून सभा उठली.

ताईकडे पोचायला अर्जबाईंना त्या दिवशी उशीर झाला. पुलावरून येताना हातात डबा होता आणि खांद्याला कपड्यांची पिशवी. ताईने पिशवीकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दोघी जेवल्या. रेडिओवर बातम्या लागल्या आणि संपल्या.

"माझ्या अर्जाचं काय झालं?" ताईने विचारलं.

"फेटाळतील बहुतेक."

"बरं." ताईने घड्याळाकडे नजर टाकली. "सात वाजून गेले."

"माहितीये," अर्जबाई म्हणाल्या आणि पिशवीतून अंथरायची चादर काढली.

ताई काठी टेकत उठली. तिने पलंगावरची गादी हाताने झटकली आणि स्वतः भिंतीच्या बाजूला सरकून बसली.