बाटलीवरची रेघ

माझ्या मामाला फोन करून "मी बोलतेय" म्हटलं, की तो विचारतो, "कशावरून?" मग मी माझ्या आईचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं, लहानपणीचं लाडाचं नाव सांगते, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकतं. दाराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघतो. दोनदा नाही, चारदाही नाही. घरातली तेलाची बाटली, खोकल्याचं औषध, मामीचं केसांचं तेल, सगळ्यांवर पेन्सिलीची बारीक रेघ असते: काल इथवर होतं. लग्नानंतर महिन्याभरात मामीने त्याला विचारलं होतं, "मी चोरून तेल पिते असं वाटतं का तुम्हाला?" मामा म्हणाला होता, "पीत नाहीस हे कळायला तरी रेघ हवीच ना?" मामी चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मामाने तेही संशयास्पद मानलं.

असा माणूस दुसऱ्या कुठल्या नोकरीत चार महिने टिकला नसता. दगडांचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं टिकला, कारण तिथे त्याच्या या खोडीची गरज होती.

मामाचं काम दगड फोडायचं. तळघरातल्या खोलीत लोखंडी जबड्याचं क्रशर आहे. त्यात दगड घालायचा, भुगा चाळायचा, धुवायचा, हलकं वाहून जाऊ द्यायचं, जड ते ठेवायचं. त्या जड भुग्यात झिरकॉन नावाचे कण असतात, मिठाच्या दाण्याहून बारीक. दगड वितळलेल्या अवस्थेतून थंड होताना हे कण तयार होतात, आणि तयार होताना युरेनियमला आत घेतात, शिशाला घेत नाहीत. पुढे आतल्या युरेनियमचं ठरलेल्या चालीने शिसं होत जातं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की वय निघतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हे समजावलं तेव्हा मामा पहिल्यांदाच खूश झाला होता. "म्हणजे दारातच झडती घेतो. शहाणा कण आहे!" पृथ्वीचं वय मात्र त्याने अजून मान्य केलेलं नाही. ते साडेचारशे कोटी वर्षं आहे आणि आकाशातून पडलेल्या दगडांवरून काढलंय, हे कळल्यावर तो म्हणाला, "शेजारच्या पोराच्या दाखल्यावरून माझं वय लावणार? वा!" दोघंही एकाच वेळी जन्मलेत हे बाईंनी परोपरीने सांगितलं. मामा म्हणाला, "साक्षीदार?"

क्रशरच्या बाबतीत तो कुणाला बोट ठेवायला जागा देत नसे. एक दगड फोडून झाला की जबडा घासायचा, चाळण्या धुवायच्या आणि मग आधीच तपासलेली स्वच्छ गारगोटी क्रशरमधून काढायची, म्हणजे फटीत काही अडकलं असेल तर तिच्याबरोबर बाहेर पडेल. त्या गारगोटीचा भुगा तो बाटलीत भरून, तारीख घालून कपाटात ठेवायचा. बाकी कुणी तो फेकून दिला असता. मामा म्हणायचा, "उद्या माझ्यावर आळ आला तर?" एकतीस वर्षांत आळ आला नव्हता. कपाटं मात्र चार झाली होती.

मी वरच्या मजल्यावर वेचणारी. काचेच्या बशीत भुगा घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघत झिरकॉनचे कण सुईने एकेक वेगळे करायचे. ही नोकरी मामानेच शब्द टाकून मिळवून दिली, पण त्याआधी मला महिनाभर मिठात मिसळलेली साखर वेचायला लावली आणि नंतर चाखून बघितलं. एका दगडाचं काम संपलं की बशी आणि सुई स्पिरिटने धुवायची, हा नियम. स्पिरिटच्या बाटलीवरही मामाची रेघ असायची. घरी निघताना तो वर यायचा, रेघ मारायचा, तारीख घालायचा. मला त्याचा फार राग यायचा. नऊ वर्षांच्या नोकरीनंतरही हा माणूस माझ्यावर पाळत ठेवतो!

मामाच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका टेकडीच्या दगडाने घोळ घातला. तीस कण मोजले. एकोणतीस निघाले साठ कोटी वर्षांचे, आणि एक अडीचशे कोटींचा. नेमका त्याच्या आधी आमच्याकडे जो दगड आला होता, तो अडीचशे कोटींचा होता. शंकेची पाल चुकचुकायला आणखी काय हवं?

बाईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. "जुन्या दगडाचा कण नव्यात शिरलाय. एक तर क्रशरमधून, नाही तर बशीतून. सांगा."

 टेकडीचा भुगा वर आला त्या दिवशी मला मुलीच्या शाळेत तीन वाजता पोचायचं होतं. जुन्या दगडाचं काम संपवून मी बशी नुसती कोरड्या कागदाने पुसली होती आणि तिच्यातच टेकडीचा भुगा ओतून ठेवला होता. हे मला माहीत होतं, दुसऱ्या कुणालाही नाही. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "माझ्याच हातून झालं असणार. वय झालं आता."

बाईंनी समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "उद्यापासून क्रशरला हात लावू नका. कोठारात बसा. आणि गेल्या काही वर्षांत तुमच्या हातून गेलेले दगड मला पुन्हा तपासायला लागतील. किती वर्षं मागे जाऊ, तेवढं सांगा."

"सगळी," मामा म्हणाला.

मला काय वाटलं ते लपवत नाही. हायसं वाटलं. इतकंच नाही, मी त्याच्यावर विश्वासही ठेवला. भिंतीवरचं घड्याळ मिनिटभर मागे पडलं तरी वाद घालणारा माणूस एवढा गुन्हा चटकन कबूल करतो, म्हणजे खरंच त्याच्या हातून चूक झाली असणार. हात थरथरत असतील, चाळणी धुवायची राहिली असेल. आठ दिवस मी स्वतःला असं पटवत होते, आणि तो कोठारात बसून जुन्या चिठ्ठ्या चिकटवत होता.

पण एक गोष्ट काही केल्या पटेना. मी कोठारात जाऊन विचारलं, "मामा, त्या दोन दगडांच्या मधल्या गारगोटीची बाटली असेल ना? ती दाखव की बाईंना."

"हरवली," मामा म्हणाला.

मामाची बाटली हरवली! मग मात्र माझी खात्रीच झाली, की त्या बाटलीत पाणी मुरतंय. ती सापडली तर क्रशर घाण होतं हे उघड होईल, म्हणून हा लपवतोय. रविवारी मी त्याच्या घरी गेले. मामा बाहेर गेला होता. मामीला विचारलं, तर ती म्हणाली, "ती होय? ह्यांच्या कपड्यांच्या कपाटात आहे, सदऱ्यांच्या मागे. मला हात लावू देत नाहीत. काय आहे गं त्यात, विष?"

मी ती बाटली पर्समध्ये घालून आणली. चोरलीच म्हणा. सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत मायक्रोस्कोपखाली पसरली. एक तास बघितलं, मग बशी फिरवून पुन्हा एक तास. निव्वळ गारगोटी. झिरकॉनचा एक कण नाही. क्रशर स्वच्छ होतं.

मग बशीच उरली. आणि मामाने बाटली लपवली होती ती स्वतःला वाचवायला नव्हे. ती बाटली पुढे आली असती, तर आळ सरळ माझ्यावर आला असता. मी मायक्रोस्कोपवर डोकं टेकवून रडले. लाज वाटली, दुसरं काही नाही.

बाई आल्या तशी मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कोरड्या कागदापासून सगळं सांगितलं. त्या भडकल्या. माझी नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "टेकडीच्या दगडाचा अर्धा तुकडा न फोडलेला आहे. क्रशर तुझे मामाच चालवतील. वेचायला तू नाहीस. बशी नवी, सुई नवी, खोलीसुद्धा दुसरी."

बारा दिवसांनी निकाल आला. चाळीस कणांत दोन अडीचशे कोटींचे. बाईंनी आम्हाला कणांचे फोटो दाखवले. नव्या कणाच्या पोटात जुना कण बसलेला स्पष्ट दिसत होता. तो दगड साठ कोटी वर्षांपूर्वी वितळलेला असताना वाटेतल्या जुन्या खडकाचे कण त्यात पडले होते, आणि ते विरघळले नाहीत. क्रशरचा दोष नव्हता, बशीचाही नव्हता. बाईंनी मामाची माफी मागितली. मामा म्हणाला, "लेखी द्या." त्यांनी दिली. मामाने ती दोनदा वाचली आणि तारीख बरोबर आहे का ते कॅलेंडरवर बघितलं.

संध्याकाळी मी तळघरात गेले. मामा जबडा घासत होता.

"मामा, म्हणजे तू माझ्यावर संशय घेतलास."

"घेतला."

"पण दगडातच होता तो कण! बघितलंस ना?"

मामाने हात पुसले, माझ्याबरोबर वर आला आणि फळीवरची स्पिरिटची बाटली उचलून माझ्यासमोर धरली. शेजारीशेजारी दोन तारखा होत्या, त्या दिवशीची आणि आदल्या दिवशीची, आणि दोन्हींना मिळून एकच रेघ. "त्या दिवशी रेघ हलली नव्हती," तो म्हणाला. "कण दगडातला निघाला, म्हणून बशी धुतली होती असं होत नाही."

मी बाटली त्याच्या हातातून घेऊन फळीवर ठेवली. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास? मी आपणहून सांगेन असं वाटलं होतं तुला?"

"छे," मामा म्हणाला. "अजिबात नाही." आणि खिशातून रुमाल काढून उगाचच नाक पुसत राहिला.

खाली येऊन त्याने दिवे बंद केले, दार ओढलं आणि क्रशरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. एकतीस वर्षांत ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. मी कुलूप लावलं. मामा जिना चढायला लागला. अर्ध्यावर थांबला, तसाच खाली आला आणि कुलूप ओढून बघितलं.

एकदाच.