पथ्याचं जेवण साधं कसं झालं

सकाळपासून धुकं असं उतरलेलं की दोरीवरचे कपडे कालपेक्षा जास्त ओले. वहिनी दादाचा शर्ट इस्त्रीखालीच सुकवत होती, तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला.

आमची ही वहिनी वेबसाइटची पानं बनवते. तिच्या कंपनीनं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरासाठी पान केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं जेवण रोग्याच्या नावापुढच्या ड्रॉपडाउनमध्ये, म्हणजे पर्यायांच्या यादीत, आपोआप निवडून यायचं: साधं, पथ्याचं, नाहीतर बिनमिठाचं. आदल्या दिवशी साखरेचा आजार असलेल्या एका आजोबांना साधं ताट गेलं, वर गोड. आजोबा वाचले, पण थोडक्यात.

"स्वयंपाकघरातल्या बाईनं चुकीचं निवडलं, एवढं लिहून द्या," साहेब म्हणाले. "तिला काढतायत. विषय संपला."

"तिच्या कॉम्प्युटरवर बघितलंत?"

"आपल्याकडं चालतंय ना!"

"आपल्याकडं चालतंय!" फोन ठेवून वहिनी माझ्यावरच खेकसली. "चोर सोडून संन्याशाला सुळी!" इस्त्री बंद करून ती तडक इस्पितळात गेली. मीही मागोमाग.

तिथल्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांशेजारी जुनाट कॉम्प्युटर, त्यात त्याहून जुनाट ब्राउझर. जिला काढणार होते, त्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, मी त्याला हातसुद्धा लावला नाही गं. पान उघडलं की असंच दिसायचं. मला वाटलं, डॉक्टरांनीच ठरवलंय."

वहिनीनं पान उघडलं. ज्याच्या त्याच्यापुढं 'साधं'.

इथला ब्राउझर जुना आहे, हे तिनं साहेबांना आधीच सांगितलं होतं. "तसला कोण वापरतं आता?" म्हणून साहेब हसले होते. पर्यायांना वेगळी व्हॅल्यू, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळखायची खूण, घाईत कुणी लिहिलीच नव्हती. नवे ब्राउझर पर्यायाचे शब्दच व्हॅल्यू म्हणून चालवून घेतात. याला ते जमेना. पान चालवणारी जावास्क्रिप्ट सांगायची 'पथ्याचं', आणि हा मुकाट पहिल्या पर्यायावर, 'साधं'वर, ठाण मांडून बसायचा. तक्रार नाही, काही नाही!

तिथंच स्टुलावर बसून तिनं दुरुस्ती केली. आता जावास्क्रिप्ट एकेक पर्याय स्वतः तपासणार, जुळेल तो त्याच्या क्रमांकानं निवडणार, आणि खरंच निवडला गेला का ते परत बघणार. एकही जुळला नाही तर जागा कोरी, अन् ताट अडणार. मग चार ब्राउझरांत उघडून पाहिलं. सगळीकडं एकच उत्तर.

साहेबांना तिनं मावशींसमोरच फोन लावला. "चूक आपली आहे. इस्पितळाला मी तसंच कळवलंय, फोटोसकट."

"अहो, कंपनीची अब्रू!"

"कंपनीची अब्रू झाकायला या बाईचा पदर फाडायचा का?"

दुपारी इस्पितळाचा निरोप आला: मावशी कामावर राहणार. माफीचा शब्द मात्र कुणाच्याच तोंडून फुटला नाही.

"माफी मागायला यांना कुठला पर्याय निवडून देऊ?" घरी पोचेपर्यंत वहिनी धुसफुसत होती. मग तिनं इस्त्रीचं बटण दाबलं, ती तापली का ते ओल्या बोटानं बघितलं, आणि राहिलेली बाही पुढं ओढली.