बिनठिगळाची पत्रिका

याकूब गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या ओठावर अर्धी मिशी होती. आमच्या हौशी मंडळाची रंगीत तालीम चालली होती आणि उरलेली अर्धी मिशी मेकअपवाल्याच्या बोटाला चिकटली होती. पलीकडून त्याची मुलगी रुबिना शांतपणे म्हणाली, "काका, अब्बा गेले. चहा घेतला आणि बसल्या जागी..." मी तसाच निघालो. मोहल्ल्यात पोचल्यावर लोक माझ्याकडे एकदा बघून मान वळवायला लागले, तेव्हा कुठे लक्षात आलं. मिशी ओढून काढली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते गोंदामुळे की आणखी कशामुळे, या गोष्टीला आता महिना उलटून गेला आहे, तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. याकूब असता तर एवढंच म्हणाला असता, "नाटकवाले, एंट्री चुकली तुमची."

आम्ही शाळेपासूनचे. मधली बरीच वर्षं तो आखातात एका छापखान्यात होता. परत आला आणि रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे त्याने डीटीपीचं दुकान टाकलं. आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, शाळांचे अहवाल, माझ्या नाटकांची हँडबिलं आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. बाजारात सगळे जण महागड्या सॉफ्टवेअरची चोरून केलेली कॉपी वापरत होते. याकूबलाही एकाने आणून दिली. त्याने ती पाव्हण्याने आणलेल्या कुजक्या मासळीसारखी दोन बोटांत धरून परत केली. "लोक शुभकार्याला बोलावणार, आणि बोलावणं चोरीच्या सामानावर बसवू? बरकत कशी येईल?" मी विचारलं, "मग माझ्या नाटकाची जाहिरात?" "ती चालली असती. तुझं नाटक तरी कुठे तुझं असतं!"

शेवटी त्याने एक फुकट मिळणारं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर घेतलं. घेतलं म्हणजे काय, त्याच्याशी संसारच मांडला. मराठी ते नीट बसवायचं. अडचण होती उर्दूची. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत पत्रिका दोन्ही लिप्यांत लागते. मराठी डावीकडून उजवीकडे जाते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. एका चौकटीत दोघी आल्या की ते सॉफ्टवेअर गोंधळायचं, आणि वाक्याचा शेवट पहिल्या ओळीत व सुरुवात शेवटच्या ओळीत जाऊन बसायची. मग याकूब उर्दू मजकूर दुसरीकडे तयार करायचा, त्याचं चित्र करायचा आणि पत्रिकेवर चिकटवायचा. याला तो ठिगळ म्हणायचा. आणि लग्नघरात नावं शेवटच्या मिनिटापर्यंत बदलतात. एक आत्या रुसली की ठिगळ काढा, नवं करा, पुन्हा लावा.

म्हणून त्याने सॉफ्टवेअर करणाऱ्यांना लिहायला सुरुवात केली. आखातात शिकलेल्या इंग्रजीत आधी ख्यालीखुशाली, घरच्यांची चौकशी, हवापाणी आणि मग खाली तक्रार. बाकीचे कंटाळले असावेत. पण कुठल्याशा थंड देशातला एक माणूस उत्तर द्यायला लागला. पेशाने दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि उरल्या वेळात हौसेने प्रोग्रॅम लिहायचे. त्याला ना मराठी येत होतं ना उर्दू. याकूबला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. पण हा पत्रिकांवर लाल पेनाने बाण काढून फोटो पाठवायचा, तो दुरुस्ती करून नवी आवृत्ती पाठवायचा, हा ती वापरून मोडून दाखवायचा आणि कुठे मोडली ते कळवायचा. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. मी दुकानात गेलो की पहिली बातमी आमच्या गावातली नसायचीच. "डॉक्टरची बायको आजारी आहे रे..."

मग रुबिनाचं लग्न ठरलं. याकूबने जाहीर केलं की माझ्या मुलीच्या पत्रिकेला ठिगळ लागणार नाही. दोन्ही लिप्या एका चौकटीत, सरळ टाइप केलेल्या, आणि त्याही याच सॉफ्टवेअरवर. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलींना ठिगळाच्या पत्रिका देत आलो, ही तरी अख्खी असू दे, एवढंच त्याचं म्हणणं. इकडे दापोलीकडचे व्याही फोनवर फोन करत होते. आखातातल्या पुतण्यांना रजेसाठी पत्रिका दाखवायची होती. याकूबची बायको, जुबेदाभाभी, माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, "लग्न पोरीचं आहे की तुमच्या त्या दातवाल्याचं?" मीही मित्रधर्म पाळला. म्हटलं, "एक दिवस चोरीची कॉपी वापर, अल्ला काही तुझा कॉम्प्युटर उघडून बघणार नाही." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. माझ्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात बघायचा, तसा.

अखेर डॉक्टरची चाचणीची आवृत्ती आली. उर्दू बिनचूक, मराठी बिनचूक, दोघी एका चौकटीत शेजारणींसारख्या नांदत होत्या. फक्त सेव्ह केलं की सॉफ्टवेअर बंद पडायचं आणि केलेलं सगळं जायचं! डॉक्टर म्हणाला, हे सुधारायला वेळ लागेल. याकूबकडे वेळ नव्हता. त्याने ठरवलं, एका बैठकीत सगळी पत्रिका टाइप करायची आणि सेव्ह न करता थेट छापखान्याची फाइल काढायची. मला मराठी मोठ्याने वाचायला बसवलं, रुबिनाला उर्दू. प्रयोग रंगात आला आणि लाईट गेली. कोपऱ्यातली बॅटरी टूं टूं करायला लागली. नेमका तेव्हा भाभींच्या भावाचा, राजापूरच्या मामूंचा फोन... माझं नाव दोन ओळी वर घ्या. "मामू," याकूब खांद्यात फोन धरून म्हणाला, "आता नाव हलवलं तर लग्नच हलेल." त्याने बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली की नाही ते कळायच्या आत सगळं काळं झालं. लाईट येईपर्यंत तिघांपैकी कुणीही बोललं नाही. माझ्या बाबतीत हा विक्रम असावा.

लाईट आली. फाइल होती. अख्खी होती. याकूबने ती दोनदा वाचली, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "चहा सांग. चांगला." छापून आल्यावर मात्र मामूंनी चष्म्यावरून विचारलं, "निमंत्रकांत हा परदेशी पाहुणा कोण? कुठल्या मोहल्ल्यातला?" आमच्या नकळत याकूबने सगळ्यात खाली, दोन्ही लिप्यांत, दातांच्या डॉक्टरचं नाव घातलं होतं. "लांबचा आहे," याकूब म्हणाला. "पण आपला."

लग्नानंतर डॉक्टरने ती पत्रिका मागून घेतली. तिच्यासारखा अवघड मजकूर त्यांच्याकडे दुसरा नव्हता. तेव्हापासून त्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं बसवण्याच्या भागात कुणी काही बदल केला, की तिकडचं यंत्र आधी रुबिनाची पत्रिका नव्याने तयार करतं आणि मूळ पत्रिकेशी ताडून बघतं. उर्दूतला एखादा नुक्ता, म्हणजे नुसतं टिंब, जरी इकडचा तिकडे झाला तरी तो बदल नाकारतात. याकूबला याचा कोण आनंद! "बघ, तुझ्या नाटकाचे एवढे प्रयोग कधी झाले?"

गेल्या आठवड्यात दुकानात गेलो होतो. आता रुबिना तिथे बसते. राजापूरहून मामूही आले होते. ती त्यांना पडद्यावर दाखवत होती की आज सकाळी तिकडे कुणीतरी काहीतरी बदललं आणि पत्रिका पुन्हा एकदा बरोबर आली. मामू पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "बेटा, निमंत्रकांत तुझ्या अब्बांच्या नावाआधी आता मरहूम लावायला सांग. रीत आहे." मरहूम म्हणजे आपलं कैलासवासी.

"नाही लावता येणार, मामू," रुबिना म्हणाली. "एक अक्षर वाढलं तरी यंत्र पत्रिका चुकली म्हणून सांगतं. तिथे अब्बा आहेत तसेच राहणार."

मामूंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. घरी आलेलं बोलावणं वाचतात तशी, तारीख आणि जेवणाची वेळ नीट बघून.