पालखीचा मागचा दांडा

माझी नात सानिका लष्कराच्या ट्रेनिंगमधून पायाच्या हाडाला चीर गेली म्हणून घरी आली, तेव्हा वरसेच्या नाक्यावर तिचा फ्लेक्स अजून लटकत होता. तो मीच लावला होता. त्यावर सलाम ठोकणारी ती, आणि बाजूला फेटा बांधलेला मी. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला होता. छापणाऱ्याने विचारलंही होतं, लहान करू का, मी म्हटलं असू दे. आमच्या घरातलं पहिलं माणूस फौजेत चाललं होतं, आणि तेही मुलगी. त्याच फ्लेक्सखाली ती रिक्षातून उतरली आणि लंगडत घरी आली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या सलूनवाल्याने वस्तरा चालवता चालवता विचारलं, "काय आजोबा, लढाई संपली वाटतं?" मी अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीवरून उठलो आणि घरी आलो.

मी शिकलेला माणूस नाही. तिसरीत असताना टायफॉइड झाला, वर्ष बुडालं, मास्तर म्हणाले परत तिसरीत बस. माझ्याहून लहान पोरांच्या ओळीत बसायला मी तयार नव्हतो. पाटी उचलून घरी आलो आणि पेणच्या खाडीकाठी मिठागरावर बापाच्या हाताखाली कामाला लागलो. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पुढे मिठागर बंद पडलं, रोह्याला कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, वरसेला घर बांधलं, मुलाला कंपनीत लावलं. सगळं आपल्या अंगाच्या जोरावर. देवाकडे मी कधी काही मागितलं नाही. रोह्यात आल्यापासून दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला खांदा द्यायला जातो, पण तोही पुढच्या दांड्याला, आणि भक्तीपेक्षा ताकदीने. लोक म्हणायचे, महाराज तुमचं भलं करतील. मी म्हणायचो, महाराज मला काय देणार, मीच त्यांना उचलतो. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की ते महाराजांच्या कानावर गेलं नसेल असं होणार नाही.

सानिकाला पळायला मीच शिकवलं. सकाळी ती कालव्याच्या रस्त्याने धावायची आणि मी पुलाच्या कठड्यावर बसून शिट्टी मारायचो. पाय दुखतो म्हणाली की मी मिठागराची गोष्ट सांगायचो. खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपायांना भेगा पडायच्या, भेगांत मीठ जायचं, पण माझ्या बापाने कधी हूं केलं नाही आणि मीही नाही. ती गोष्ट ऐकली की पोरगी उठून पुन्हा धावायची. भरतीच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होती. तेव्हा माझी छाती अशी भरून आली होती की मला खोकला लागला.

घरी आल्यावर ती पहिले काही दिवस अंथरुणातच होती. पाय उशीवर ठेवून भिंतीकडे बघत पडायची. एका दुपारी सून ओट्यावर बिरड्याचे वाल सोलत बसली होती, सानिका तिला हातभार लावत होती, तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, एवढ्या हजारो पोरींतून निवडून नेतात, मग त्यातल्या काही मधेच परत का येतात? माझा समज असा की लेच्यापेच्या असतील त्या येत असतील. मग तिने एकेकीची हकिगत सांगितली. एक पोरगी आईच्या आठवणीने जेवेनाशी झाली आणि निघून गेली. एकीला अंगावर ओरडलेलं सोसेना. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि उस्ताद चुकलं की सगळ्यांसमोर झाडतात, घरी लाडात वाढलेल्या पोरीला ते जड गेलं. एकीच्या होणाऱ्या सासरच्यांनी फोन करून करून तिला माघारी आणलं. एक मात्र रायफलच्या आवाजाने थरथरायची, तरी ती टिकली. आणि एक जाडसर मुलगी रोज सगळ्यांच्या शेवटी धावत यायची, तीही टिकली.

"मग जास्त करून गेल्या त्या कोण गो?" मी विचारलं.

"पुढं धावणाऱ्या, आबा," सानिका म्हणाली. "दुखतंय म्हणून सांगायची लाज वाटते त्या. ती जाडी सरळ सांगायची, उस्ताद, पाय दुखतोय. तिला बसवायचे, औषध द्यायचे, बरं वाटलं की ती परत उभी. मी नाय सांगितलं. रोज पहिली येत व्हते ना मी."

सुनेने वालावरची नजर काढली नाही. "नात कोणाची मग," एवढंच म्हणाली. मी उठून मागच्या दारी गेलो.

हाड पुढे चांगलं सांधलं. नडगीवर हात ठेवून डॉक्टर म्हणाले, आता पाठवायला हरकत नाही. ट्रेनिंग सेंटरवरून फोन आला की या, पण तुमची बॅच पुढे गेली, तुम्हाला मागच्या बॅचबरोबर पुन्हा करावं लागेल. पालखी झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, न गेल्यास नाव कटणार होतं. सानिका म्हणाली, मी नाय जाणार. तिच्या बरोबरच्या पोरी कसम खाऊन, म्हणजे फौजेची शपथ घेऊन, बाहेर पडणार, आणि तिने मागून आलेल्यांच्या ओळीत उभं राहून पुन्हा डावा-उजवा शिकायचा. तिथेच ठेवून यायची सामानाची पेटी तिने येतानाच बरोबर आणली होती, म्हणजे मनातून तिने ठरवलंच होतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण माझी मान आपोआप डोलली. सुनेने ते बघितलं. "एकाने पाटी आणली, दुसरीने पेटी आणली," ती म्हणाली आणि आत गेली. माझ्या तोंडावर असं बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. सानिकाने वर्दी घालावी यापलीकडे या वयात मला काही नको होतं. पण मागच्या ओळीत जा, हे तिला सांगायचं तर ते मी कोणत्या तोंडाने सांगू? मी स्वतः कधी गेलो नाही. मुलगा शिफ्टवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. मी दोनतीनदा देवघरापुढे जाऊन उभा राहिलो. बायकोच्या फोटोशेजारी धावीर महाराजांचा फोटो आहे. हात जोडले, पण तोंड उघडेना. माणसाने आयुष्यभर मागितलं नसलं की मागायचं कसं हेही त्याला ठाऊक नसतं.

पालखीचा दिवस आला. उजाडताना देवळापुढे पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात आणि महाराजांना सलामी देतात. देवाला अशी सलामी मिळते म्हणून आम्ही रोहेकर ताठ मानेने फिरतो. दरवर्षी ती बघताना माझेही खांदे मागे जातात. त्या वर्षी मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. आठ दिवसांपासून माझा उजवा गुडघा सुजला होता. घरात कोणाला कळू दिलं नव्हतं, गुपचूप तेल चोळत होतो आणि वर लेंगा होताच. आमच्या घरची माणसं दरवर्षी रोह्यात माझ्या मेव्हण्याच्या दारात पालखी ओवाळतात. पालखी उठली तसा मी पुढच्या दांड्याला खांदा लावला आणि मनात महाराजांना म्हटलं, मागणार मी नाही, पण आज मेव्हण्याच्या दारापर्यंत खांदा सोडणारही नाही, मग तुमचं तुम्ही बघा. माझी प्रार्थना म्हणायची तर ती अशी होती.

पालखी दारादारात थांबते. बायका खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, की पुन्हा चालायला लागते. चालता चालता खांदे बदलत राहतात. एक जण बाहेर सरकतो, दुसरा आत घुसतो, आणि वरच्या देवाला हिसका लागत नाही. त्या दिवशी पोरं मला सारखी म्हणत होती, आजोबा, द्या आता. मी ऐकलं नाही. एकाने हात धरला तो मी झटकला. मेव्हण्याच्या आळीत शिरताना थोडा उतार आहे, आणि दारोदारच्या पाण्याने रस्ता ओला झाला होता. समोर मेव्हण्याचं दार दिसत होतं, सून आरतीचं ताट घेऊन उभी, तिच्याजवळ पाण्याचा तांब्या घेतलेली सानिका. तेवढ्यात गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही. खांदा खाली गेला, पालखी माझ्या बाजूला कलली आणि लोकांचा आवाज एकदम थांबला. इतकी वर्षं मिरवत आलो आणि महाराजांना मीच रस्त्यावर पाडणार, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला. तोंडातून आपसूक निघालं, "महाराज, सांभाळा."

त्याच क्षणी माझ्या मागून एक खांदा दांड्याखाली आला. पालखी सरळ झाली. पाठीवर एक हात पडला, जड आणि गरम, आणि कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "सोडा बाबा. काम संपलं नाय, तुमची पाळी संपली. पुढं परत घ्या." ओरडणं नाही, दरडावणं नाही. मी आयुष्यात कोणाचं ऐकून हातातलं सोडलं नव्हतं. सोडलं. अंग एकदम हलकं झालं, आणि पालखी माझ्यावाचून पुढे गेली. ती मागून जाताना कशी दिसते हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सानिकाने धावत येऊन मला पायरीवर बसवलं. लेंगा वर सारून गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "कधीपासून हाय हे?"

"कधीपासून नाय. आत्ताच झालं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हसायला लागली. ट्रेनिंगवरून आल्यापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उस्तादने मला विचारलं तेव्हा मी पण हेच बोलले व्हते, आबा," ती म्हणाली. "अगदी हेच." मग तांब्यातलं उरलेलं पाणी तिने माझ्याच पायांवर ओतलं.

थोडा वेळ बसल्यावर गुडघ्याला ओला पंचा बांधून घेतला आणि मी पुढच्या वळणापर्यंत हळूहळू गेलो. तिथे पुढचा दांडा भरलेला होता. मागच्या दांड्याचा एक पोरगा म्हणाला, "आजोबा, इथं येता काय?" मागे मी कधी उभा राहिलो नव्हतो. मागच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. उतार कधी, खड्डा कुठे, थांबायचं कधी, सगळं पुढच्यांच्या भरवशावर. त्या दिवशी मी मागे खांदा लावला, चार घरं चाललो, आणि सांगितल्यावर सोडला. ओझं पुढे असतं तेवढंच मागे असतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. वळून बघितलं तर सानिका वळणावर येऊन बघत होती.

घरी परतल्यावर तिने पेटी ओट्यावर ओढली आणि बूट पॉलिश करायला बसली. मी ब्रश शोधून दिला. दुसऱ्या दिवशी तिला रोहा स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा गाडी हलताना एवढंच म्हटलं, "दुखलं तर सांग गो." ती म्हणाली, "तुम्ही पण."

मला खांदा कोणी दिला हे मी खूप विचारलं. आळीतल्या पोरांना, मेव्हण्याला, वाजवणाऱ्यांना. कोणी म्हणालं खांब गावचा असेल, कोणी म्हणालं निडीचा. एकाच्या मोबाईलवर तेवढा प्रसंग आला आहे. त्यात मी कोसळतो ते दिसतं, एक पांढरा सदरा दांड्याखाली येतो तो दिसतो, आणि तोंडाच्या जागी पालखीच्या झेंडूच्या माळा आहेत. कोणी भला माणूस असेल. असेलच. मी वाद घालत नाही. मी सांभाळा म्हटलं आणि सांभाळलं गेलं, एवढं मला माहीत आहे.

सानिका मागच्या बॅचमध्ये उभी राहिली. मधे एकदा पाय पुन्हा दुखला, तिने त्याच दिवशी सांगितलं, आराम मिळाला आणि ती चालू राहिली. कसम परेडला आम्ही तिघं गेलो. मैदानात सगळ्या पोरी एका मापाच्या, एका चालीच्या. कोण कोणत्या बॅचची होती हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. परेडनंतर आईबापांच्या छातीवर बिल्ला लावतात. माझ्या मुलाने तो लावून घेतला, मग काढला आणि माझ्या सदऱ्यावर लावला. मी नको म्हटलं नाही. गावी येईपर्यंत काढलाही नाही, आणि सलूनमध्ये तो लावूनच गेलो. सलूनवाल्याने बिल्ल्याकडे बघितलं आणि पूर्ण दाढी केली.

नाक्यावर नवा फ्लेक्स लावला आहे. सानिका नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. यावेळी माझा फोटो तिच्यापेक्षा लहान छापायला सांगितला. थोडासाच लहान.

आता देवघरापुढे रोज उभा राहतो. मागायचं फारसं काही उरलं नाही, म्हणून जे मिळालं त्याबद्दल दोन शब्द बोलतो. मीच महाराजांना उचलतो, हे वाक्य मात्र बंद केलं. इतकी वर्षं कोण कोणाला उचलत होतं ते त्या उतारावर एकदा कळलं, तेवढं पुरे. यंदाही पालखीला जाणार आहे. खांदा देणार आहे, पुढे मिळो नाहीतर मागे मिळो. सोड म्हटलं की सोडणार. म्हणायच्या आधी मात्र नाही.